दोन हिवाळ्यांचे झाड : हॉथॉर्न

मे महिन्यात इंग्लंडमधल्या शेतांचे बांध पांढऱ्या फुलांनी भरून जातात. ही फुले हॉथॉर्नची, म्हणजे गुलाब आणि सफरचंद यांच्याच कुळातल्या क्रॅटीगस या प्रजातीची. नावातला ‘हॉ’ हा जुन्या इंग्रजीतला कुंपणाचा शब्द आहे आणि तो या झाडाला शोभतो. 1750 ते 1850 या काळात तिथली सामाईक जमीन कायद्याने विभागली गेली, तेव्हा नव्या हद्दींवर मुख्यतः हॉथॉर्नच लावला गेला.

गुलाबाचा काटा सालीवरची वाढ असल्यामुळे बोटाने रेटताच निघतो. हॉथॉर्नचा काटा मात्र लिंबाच्या काट्याप्रमाणे पानाच्या बगलेतून आलेली आखूड फांदीच असते. तिच्या आत लाकूड असते आणि कधी कधी तिच्यावर पानेही फुटतात. कुंपण खालून विरळ झाले, की शेतकरी हिवाळ्यात प्रत्येक खोड बुंध्याशी तिरके, जवळजवळ आरपार कापतो, साल आणि लाकडाची पातळ पट्टी तेवढी शाबूत ठेवतो आणि खोड आडवे झुकवतो. एवढा घाव सोसून वसंतात बुंध्यापासून नवे धुमारे उभे राहतात, हे मला या झाडाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य वाटते.

हॉथॉर्न उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात, म्हणजे युरोप, उत्तर आफ्रिका, आशिया आणि उत्तर अमेरिकेत आढळतो. चीनमध्ये त्याची आंबटगोड फळे काडीवर ओवून साखरेच्या पाकात घोळवतात. मेक्सिकोत ती नाताळच्या गरम पेयात पडतात. अमेरिकेत किती जाती आहेत यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, कारण तिथल्या अनेक जातींत संकर सहज होतो आणि काहींमध्ये फलनाशिवायही बी धरते. भारतात काश्मीरसारख्या थंड हिमालयीन भागात हॉथॉर्न आहे. रोपवाटिकांत ‘इंडियन हॉथॉर्न’ म्हणून मिळणारे शोभेचे झुडूप मात्र वेगळ्या प्रजातीचे आहे; वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये त्याला क्रॅटीगसमध्ये बसवले होते, त्याची ही आठवण.

हॉथॉर्नचे हिवाळ्याशी असलेले नाते बियांत दिसते. थंडीत उत्तरेकडून ब्रिटनमध्ये उतरणारे कस्तूर कुळातले पक्षी लाल फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात. त्या बिया लगेच रुजत नाहीत. आधी उबदार, ओलसर महिन्यांत कठीण कवच हळूहळू मऊ व्हावे लागते, मग कित्येक आठवड्यांच्या गारठ्यात आतल्या गर्भाची सुप्तावस्था संपावी लागते. म्हणून शरदात पडलेली बी बहुधा पहिला वसंत मातीतच घालवते आणि दुसरा हिवाळा सरल्यावर कोंब वर काढते.