नटनट्यांची सहीची छायाचित्रे (ब्रिटिश विनोदी रंगभूमी)

ब्रिटनमधील म्यूझिक हॉल (गाणी आणि विनोदाच्या छोट्या खेळांची नाट्यगृहे), संगीत सुखात्मिका आणि फार्स गाजवणाऱ्या जुन्या विनोदी नटनट्यांची स्वहस्ते सही केलेली छायाचित्रे जमवण्याचा छंद. छायाचित्र स्वस्त झाले तेव्हा तो फोफावला. पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली खिशात मावणारी छायाचित्रे १८६०च्या दशकात लंडनमध्ये धडाक्याने खपली. पण खरी लाट आली ती पोस्टकार्डांची. १९०२ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने पत्त्याच्याच बाजूला मजकूर लिहू दिला, तशी दुसरी अख्खी बाजू चित्राला मोकळी झाली. रोटरी, बीगल्स वगैरे कंपन्यांनी नटनट्यांची कार्डे बाजारात ओतली. चाहते कार्ड विकत घेऊन सहीसाठी थिएटरच्या पत्त्यावर धाडत, नाहीतर खेळ सुटल्यावर मागच्या दाराशी ताटकळत.

म्यूझिक हॉलचा लाडका डॅन लेनो १९०४ मध्ये, ४३ व्या वर्षीच गेला. पोस्टकार्डांचे वेड तेव्हा कुठे भरात येत होते. जाड रंगवलेल्या भुवयांचा जॉर्ज रोबी १९५४ पर्यंत जगला. साहजिकच रोबी सहज सापडतो आणि लेनोसाठी वाट पाहावी लागते. ऑल्डविच थिएटरच्या १९२०च्या दशकातील फार्समधले टॉम वॉल्स, राल्फ लिन आणि रॉबर्टसन हेअर हे त्रिकूट एकाच छायाचित्रावर सहीनिशी मिळाले, तर संग्राहक ते सहसा हातचे सोडत नाही.

नावांचे घोटाळे हा तर स्वतंत्र विषय. चार्ल्स हॉट्रे दोन: एक १९२३ मध्ये वारलेला नामवंत विनोदी नट, दुसरा त्याचेच नाव रंगभूमीसाठी उचललेला १९१४ चा जन्म. जॉर्ज ग्रॉसमिथही दोन, बाप आणि लेक. नुसते नाव वाचून खरेदी करणारा इथे हमखास फसतो.

सर्वांत जुनी फसगत मात्र छापील सहीची. अनेक कार्डांवर ‘आपला विश्वासू’ अशा समारोपासह सही छायाचित्राच्या मूळ काचेवरूनच (निगेटिव्हवरून) उतरलेली असते. कार्ड खिडकीशी तिरके धरावे: हाताने लिहिलेली शाई पृष्ठभागावर वेगळी चमकते, टाक दाबला गेला तिथे बारीक चर दिसते. छापील सही चित्राशी एकजीव असते. सही पांढरी असेल तर ती बहुधा छापीलच. जुन्या छायाचित्राच्या काळ्या भागावर, विशेषतः कडांना, चंदेरी झाक येते. ती चांगली खूण. उलट एडवर्डकालीन (विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले) म्हणून विकलेले कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर पांढरे झळाळले, तर कागदात नंतरच्या काळातले उजाळक द्रव्य आहे, म्हणजे प्रत नवी. सहीच चिटणीसाने किंवा घरच्या कोणी ठोकलेली असेल, तर यातली एकही कसोटी उपयोगाची नाही. तिथे अस्सल पत्रांतील अक्षराशी ताडून पाहणे एवढेच हाती उरते.

‘अमकीस सप्रेम’ असे लिहिलेल्या प्रतीची किंमत बहुधा कमी येते. हा बाजाराचा उफराटा न्याय आहे, कारण खोटी सही करणारा सहसा मोजकेच लिहितो.

म्यूझिक हॉलमधूनच अमेरिकेत गेलेल्या स्टॅन लॉरेलने ऑलिव्हर हार्डीसह १९४७, १९५२ आणि १९५३-५४ मध्ये ब्रिटिश व्हरायटी (विविध करमणुकीच्या) थिएटरांचे दौरे केले. दोघांच्या सह्या असलेली बरीच छायाचित्रे तेव्हाची. १९५७ मध्ये हार्डी वारला. लॉरेल पुढेही सँटा मोनिकाच्या घरातून चाहत्यांना स्वतः उत्तरे पाठवत राहिला. त्यामुळे एकट्या लॉरेलची सही परवडते, जोडीची परवडेलच असे नाही.