भोकं लहान, ऑपरेशन तेवढंच

१९९४ साली नेदरलँड्समधल्या सर्जननी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद छापली आणि सगळीकडे घबराट उडाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीने ऑपरेशन केलेल्या १४ रुग्णांपैकी तिघांच्या पोटावर, नेमक्या दुर्बिणीच्या भोकांपाशीच कॅन्सर परत उगवला होता.

संशय पहिल्यांदा गॅसवर गेला. या ऑपरेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत हत्यारं चालवायला जागा होते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळतो. (शुद्धीवर आल्यावर ‘ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय?’ असं विचारणारे पुष्कळ. गॅसने श्वासपटल डिवचलं जातं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते.) पण हाच वायू कॅन्सरच्या पेशी उडवून भोकांपर्यंत नेत असेल तर?

नुसत्या तर्काने हे मिटणार नव्हतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ४८ रुग्णालयांत ८७२ रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली: एका गटाचं पोट उघडून ऑपरेशन, दुसऱ्याचं दुर्बिणीने. दुर्बिणीने किमान २० ऑपरेशनं केलेल्या सर्जनलाच त्यात प्रवेश होता. निकाल २००४ मध्ये आला. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या ऑपरेशनच्या गटात १८ टक्के. हा फरक नगण्यच. जखमेत कॅन्सर उगवण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याच्याही खाली.

मग आधीचा घोळ कशाचा? बराचसा हाताळणीचा असावा, असं आज मानतात. गाठ चिमटून ओढली, किंवा छोट्या भोकातून रगडत बाहेर काढली, तर पेशी सांडणारच. म्हणून आता गाठीला शक्यतो हात लावत नाहीत. आतड्याचा तुकडा बाहेर काढायला चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतात आणि जखमेच्या कडांना प्लॅस्टिकचं अस्तर लावतात.

दुर्बिणीने रुग्ण लवकर घरी जातो हे खरं, पण वरच्या अभ्यासात तो फायदा एकाच दिवसाचा होता: सहाऐवजी पाच. शिवाय सुमारे पाचातल्या एका रुग्णाचं पोट मध्येच उघडावं लागलं. ते सर्जनचं अपयश समजू नये. रक्तस्राव होत असताना किंवा गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असताना हट्ट धरणं जास्त धोक्याचं.

खरी परीक्षा आतली. कॅन्सर रक्तवाहिन्यांलगतच्या लसिका ग्रंथींतून (इंग्रजीत ‘लिम्फ नोड’) पसरतो, म्हणून रक्तवाहिनी मुळाशी बांधून तिच्यासकट आतड्याचा पदर, म्हणजे या रक्तवाहिन्या आणि ग्रंथी ज्यात असतात तो पडदा, काढावा लागतो, मग भोक केवढंही असो. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये त्यातल्या किमान १२ ग्रंथी तपासलेल्या दिसायला हव्यात.