मापाची केस आणि लेन्सवरची बुरशी

कॅमेऱ्याच्या नेमक्या मापाची चामडी केस हीच त्याची सर्वांत सुरक्षित जागा असून घरीही तो तिच्यातच बंद ठेवावा, हा समज फिल्मच्या काळापासून चालत आला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या कॅमेऱ्यांची, पुढचे झाकण खाली सोडून फोटो काढता येणारी केस गळ्यात अडकवून फिरण्यासाठी होती. कपाटात महिनोन्‌महिने साठवणीसाठी नव्हे. चामडे हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरू शकते. तिच्यातून सुटणारी आम्ले काचेवरील लेप खातात आणि तो डाग मग पुसून जात नाही. मुंबई-कोकणातील पावसाळी हवा बहुधा याहून दमटच असते.

केसऐवजी कॅमेऱ्याची बॅग घेतल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही, कारण तिच्यातील फोम आणि अस्तरही ओल धरतात. त्यामुळे निवड वाहून नेण्यापुरतीच करावी: एकाच लेन्सने काम भागत असेल तर केस हलकी आणि सोयीची, दुसरी लेन्स, फ्लॅश किंवा चार्जर सोबत न्यायचा असेल तर कप्प्यांची बॅग. घरी मात्र कॅमेरा दोन्हींतून काढून सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा, आतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावेत.