एन्क्रिप्शन वेगळं, प्रायव्हसी वेगळी

दर काही महिन्यांनी कुणाचे तरी व्हॉट्सॲप चॅट बाहेर येतात. त्या रात्री प्रत्येक ग्रुपवर एक तरी महाभाग हमखास लिहितो, "आणि म्हणे एन्क्रिप्टेड! सगळी धूळफेक." त्याच ग्रुपवर दुसरा एक गट असतो. चॅटच्या सुरुवातीला ती पिवळी चौकट आणि कुलूप दिसलं की हे लोक सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांबद्दल मनमोकळं लिहून मोकळे होतात. पहिल्याला वाटतं प्रायव्हसी गेली म्हणजे एन्क्रिप्शन खोटं. दुसऱ्याला वाटतं एन्क्रिप्शन आहे म्हणजे प्रायव्हसी आलीच. दोघांचा घोळ एकच आहे आणि तो वाचून वाचून आता कंटाळा आला आहे.

एन्क्रिप्शनचं तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो. त्यासाठी सिग्नल प्रोटोकॉल नावाची कुलूपबंदीची पद्धत वापरली जाते. किल्ल्या दोन्ही टोकांच्या फोनमध्ये असतात. मधल्या सर्व्हरवर, म्हणजे खुद्द कंपनीकडे, मजकूर पोचतो तो वाचता न येणारा. संपलं. ज्यांना हे पटत नाही ते टेलिग्रामवर जातात आणि "इथे जास्त सेफ आहे" असं सांगत फिरतात. प्रत्यक्षात टेलिग्रामचं साधं चॅट असं एंड-टू-एंड, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत, एन्क्रिप्टेड नसतंच. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' वेगळं सुरू करावं लागतं आणि ग्रुपसाठी तर ती सोयच नाही. सेफ वाटणं आणि सेफ असणं यातलं अंतर मोजायचं असेल तर टेलिग्रामच्या भक्तांशी दहा मिनिटं बोला.

मजकूर आणि मजकुराभोवतीची माहिती हाही एक फरक आहे. तुम्ही काय लिहिलं ते कंपनीला दिसत नाही. कुणाला लिहिलं, किती वाजता, किती वेळा, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, हे मात्र दिसू शकतं. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या पॉलिसीवरून जो गदारोळ झाला तो फेसबुकशी होणाऱ्या अशा माहितीच्या देवघेवीवरून होता. "आता फेसबुक आपले मेसेज वाचणार" ही ओरड चुकीची होती. पण राग अगदीच अनाठायी नव्हता. त्याच पॉलिसीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, 213.14 कोटींचा दंड ठोठावला. या विषयावर इतकं पुरे, कारण लोक खरे ठेचकाळतात ते इथे नाही.

ठेचकाळतात ते मेसेज पोचल्यानंतर काय होतं, तिथे.

एका सोसायटीच्या ग्रुपवर घडलेलं सांगतो. लिफ्टच्या दुरुस्तीची तारीख जाहीर झाली होती. एका सभासदाने लिहिलं, "वडिलांना त्या दिवशी डायलिसिसला न्यायचं आहे, कृपया तारीख बदलावी." एक-दोघांनी नेहमीप्रमाणे शंका काढली. मग बिचाऱ्याने पुरावा म्हणून रिपोर्टचा फोटोच टाकला. त्यावर नाव, वय, मोबाइल नंबर, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, किडनी किती काम करते ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा, सगळं आलं. तारीख बदलली, आभार मानून झाले. संध्याकाळपर्यंत तोच रिपोर्ट दुसऱ्या विंगमधल्या काकूंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर होता, "आमच्याकडच्या अमुक आजोबांसाठी सर्वांनी प्रार्थना करावी" या ओळीसह. तिथून तो कुणाच्या तरी माहेरच्या ग्रुपवर गेला. आजोबांच्या घरातल्या मुलीचं स्थळ जिथे चाललं होतं, तिथून दोन दिवसांनी फोन आला, "किडनीचं घरात आनुवंशिक आहे का हो?"

आता या सगळ्या प्रवासात एन्क्रिप्शन कुठे फसलं ते दाखवा. मुलाच्या फोनवरून सोसायटीच्या फोनांवर रिपोर्ट गेला तो एन्क्रिप्टेड. काकूंनी पुढे ढकलला तोही एन्क्रिप्टेड. माहेरी पोचला तोही एन्क्रिप्टेड. वाटेत कुणीही डोकावलं नाही. कंपनीने वाचला नाही, सरकारने वाचला नाही, हॅकरने चोरला नाही. आणि तरीही एका माणसाचा आजार त्याच्या परवानगीवाचून तीन कुटुंबांत चर्चेला आला. एन्क्रिप्शन मेसेजच्या वाटेची काळजी घेतं. ज्याच्या हाती मेसेज पडला त्याने पुढे काय करायचं, यावर त्याचा शून्य ताबा असतो. प्रायव्हसी हवी असेल तर ती त्या हातात आहे. तिला गणित लागत नाही, समोरच्याने तोंड बंद ठेवावं लागतं.

काकूंना हे समजावायला गेलं की उत्तर तयार असतं, "मी काय खोटं पाठवलं? जे होतं तेच पाठवलं. आणि चांगल्या भावनेनेच पाठवलं." मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो तो हा बचाव. मुद्दा खऱ्या-खोट्याचा नाहीच. मुलाने रिपोर्ट लिफ्टच्या कामासाठी, लिफ्ट वापरणाऱ्यांना दाखवला होता. तो कुणाला दाखवायचा हे ठरवण्याचा हक्क त्याचा, खरं तर त्याच्याही आधी वडिलांचा. काकूंनी मजकुराला हात लावला नाही, पण ऐकणारे लोक बदलले. नुकसान त्यानेच झालं. खोटी बातमी पसरवणाऱ्याला आपण निदान दोष तरी देतो. खरी खासगी गोष्ट पसरवणाऱ्याला "काळजीपोटी केलं" म्हणून सोडून देतो.

स्क्रीनशॉटचं त्याहून वाईट. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर निदान 'फॉरवर्डेड' असा शिक्का तरी असतो. स्क्रीनशॉटला आगापीछा नसतो. वरच्या चार ओळी कापल्या की चेष्टा धमकी वाटते. दहावी-बारावीच्या मुलांच्या भांडणांत हल्ली हेच हत्यार असतं. मैत्रिणीने रात्री अकराला रडत लिहिलेलं सकाळी वर्गाच्या ग्रुपवर येतं आणि मग आयांच्या ग्रुपवर त्यावर परिसंवाद भरतो. तिथेही एखादी आई म्हणतेच, "व्हॉट्सॲपवर काही सेफ नाही बाई." व्हॉट्सॲपने काय केलं? ते तुमच्या कन्येने केलं.

आता कायद्याचा आधार घ्यावा म्हटलं तर तिथेही गंमत आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. लोकांना वाटतं, आता काकूंना नोटीस पाठवता येईल. नाही येणार. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही, असं त्यातच लिहिलं आहे. तो कंपन्या, बँका, हॉस्पिटलं, सरकारी खाती यांच्यासाठी आहे. कुणाचे विवस्त्र फोटो फिरवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ई कलम आहे, बदनामी केली तर तिचं कलम आहे. पण आजोबांच्या क्रिएटिनिनसाठी कुठलंही कलम सहजी धावून येत नाही. तिथे उरतो तो फक्त शहाणपणा.

यावर तोडगा म्हणून लोक फीचर शोधतात. आपोआप नाहीसे होणारे मेसेज, एकदाच उघडणारा फोटो आणि 2025 पासून चॅट एक्सपोर्ट करायला आडकाठी करणारी सेटिंग. वापरा, काही बिघडत नाही. पण दुसऱ्या फोनने पहिल्या फोनच्या स्क्रीनचा फोटो काढता येतो हे सातवीतल्या पोरालाही कळतं. माझा आक्षेप वेगळाच आहे. 'एकदाच उघडेल' म्हटल्यावर माणूस एरवी पाठवला नसता असा फोटो पाठवतो. सोय जितकी भरवशाची वाटते, तितका तिच्या भरवशावर केलेला मूर्खपणा मोठा.

मग पोलिसांच्या हाती चॅट कसे लागतात, हा प्रश्न येणारच. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईतल्या अमली पदार्थांच्या तपासात चित्रपटसृष्टीतल्या लोकांचे 2017 मधले चॅट वाहिन्यांवर झळकले आणि "एन्क्रिप्शन तुटलं" ही आवई उठली. चॅट वाचायला एन्क्रिप्शन तोडावंच लागतं असं नाही. हाती आलेला फोन उघडला किंवा त्याची हुबेहूब प्रत काढली तरी पुरतं, कारण तिथे मेसेज उघडलेल्या अवस्थेतच असतात. दुसरा रस्ता बॅकअपचा. तेव्हा गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. ती सोय 2021 च्या अखेरीस आली, आणि ती आपणहून चालू करावी लागते. लोक इथे एक गोष्ट विसरतात. तुम्ही ती चालू केली आणि समोरच्याने केली नाही, तर तुमचं त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं त्याच्या उघड्या बॅकअपमध्ये पडून राहणार. तुमची प्रायव्हसी दुसऱ्याच्या आळसावर अवलंबून आहे.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं 2019 चं प्रकरणही याच जातीचं. व्हॉट्सॲप कॉलमधल्या एका त्रुटीतून थेट फोनमध्येच हेर बसवला गेला. हेर फोनमध्ये असताना वाटेवरच्या कुलुपाला विचारतो कोण?

व्हॉट्सॲपवरच्या 'रिपोर्ट'बद्दलही, म्हणजे तक्रारीच्या सोयीबद्दलही, असाच गैरसमज आहे. तुम्ही कुणाला रिपोर्ट केलं की त्याचे तुम्हाला आलेले शेवटचे पाचपर्यंत मेसेज कंपनीकडे जातात. "म्हणजे ते वाचू शकतात!" हो, कारण तुम्ही दिलेत. मी तर म्हणेन, त्रास देणाऱ्याला बेधडक रिपोर्ट करा. इथे कुणाचाही विश्वास मोडत नाही.

आता उलट बाजू. प्रायव्हसीचं नाव घेऊन जबाबदारी झटकणारेही कमी नाहीत. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. तांत्रिकदृष्ट्या तो प्रत्येक मेसेज दोन फोनांमधला खासगी, एन्क्रिप्टेड संवाद होता. परिणामाने पाहिलं तर ती चावडीवर पिटलेली दवंडी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आणली. मजकूर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी वेग कमी केला. मला हा उपाय पटतो. मजकुराचा मूळ कर्ता शोधून द्या, ही सरकारची 2021 ची अट मात्र पटत नाही. तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आहे. मूळ कर्ता शोधायचा तर सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागणार. अफवा पसरवणारा सापडेल की नाही कोण जाणे, पण एखाद्या खात्यातला भ्रष्टाचार पत्रकाराला कळवणारा कारकून नक्की सापडेल.

एका ग्रुपमध्ये आता 1024 माणसं मावतात. एवढ्या लोकांत टाकलेल्या मजकुराबद्दल "आमच्या खासगी ग्रुपवर होतं" असं म्हणणाऱ्यांनी एकदा तेवढ्या खुर्च्या मांडून बघाव्यात. आणि कृपा करून प्रत्येक वेळी ॲडमिनच्या मानगुटीवर बसू नका. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच सांगितलं आहे. ज्याने टाकलं त्याला विचारा.

राहता राहिला सगळ्यात साधा प्रकार, ज्यात ना हेर असतो ना काकू. ऑफिसच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढण्यापुरतं व्हॉट्सॲप वेब उघडायचं आणि लॉगआउट न करता निघून यायचं. फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा. ओळखीचं नसलेलं एखादं विंडोज मशीन तिथे अजून दिसत असेल, तर ते आधी काढा आणि एन्क्रिप्शन खरं की खोटं यावर वाद घालायला मग या.