भिंतीवरून घसरणारं पाणी आणि मागेपुढे हलणारा प्रवाह

पंख्याचं पातं बघा, दिवसभर गरगर फिरतं तरी त्यावर धूळ साचतेच. पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्यासोबतच फिरते, त्यामुळे बारीक धूळ उडवायला तिथे वारा असा मिळतच नाही. याला नो-स्लिप म्हणतात, आणि पाइप, पंप, कालवे अशी बहुतेक गणितं हे धरूनच होतात.

पण १८२३ मध्ये नाविए या फ्रेंच इंजिनिअरने मांडलं होतं की द्रव भिंतीवरून थोडा घसरूही शकतो. किती घसरतो ते स्लिप लेंथ सांगते, म्हणजे भिंतीच्या पलीकडे किती आत गेल्यावर वेग शून्य होईल असं धरावं लागतं ते अंतर. पाणी न धरणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर ही लांबी साधारण वीसेक नॅनोमीटर, घरातल्या नळाला तिचं काय पडलंय! दगडातलं किंवा मेम्ब्रेनमधलं (गाळणीच्या पातळ पडद्यातलं) छिद्र मात्र २०० नॅनोमीटर त्रिज्येचं असेल तर तेवढ्याच दाबाला ४० टक्के जास्त पाणी जातं. गोल सरळ छिद्राचं हे गणित आहे, खरी छिद्रं वाकडीतिकडी असतात, पण अंदाज येतो.

आता दाब एकाच दिशेने न देता मागेपुढे हलवला, म्हणजे दगडातून ध्वनिलहर गेली असं समजा, तर खरी गंमत सुरू होते. भिंतीची ओढ तेव्हा भिंतीलगतच्या एका पातळ थरापुरतीच जाणवते. पाण्यात १ हर्ट्झला हा थर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, १ मेगाहर्ट्झला अर्ध्या मायक्रॉनहून थोडा जास्त. थर छिद्रापेक्षा मोठा असेल तर वरचे ४० टक्के तसेच लागू. तो छिद्रापेक्षा खूप पातळ झाला की मधलं पाणी अख्खं एकदम हलतं, त्याला अडवते ती त्याची स्वतःची जडता, मग भिंत घसरडी असो नसो, प्रवाहाला फारसा फरक पडत नाही.

घर्षणात वाया जाणारी ऊर्जा तरी कमी होईल ना, असं वाटतं. पण स्लिप लेंथ त्या पातळ थराचा दहावा हिस्सा असली तरी ही ऊर्जा दोन टक्केही घटत नाही, कारण घसरण्यामुळे भिंतीची ओढ कमी होते खरी पण ती प्रवाहाच्या तालाशी जास्त जुळते, आणि एकीकडे वाचलेलं दुसरीकडे जवळपास सगळं जातं. मला तरी हे कागदावर मांडून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

वायूंचं प्रकरण अजून ठसठशीत आहे. १९४१ मध्ये क्लिंकेनबर्ग या संशोधकाने दाखवलं की एकाच दगडातून वायू द्रवापेक्षा सहज जातो, आणि दाब कमी केला की अजूनच सहज, कारण रेणू एकमेकांवर कमी आदळतात आणि घसरणं वाढतं. आपल्या नेहमीच्या हवेत रेणूच्या दोन टकरींमधलं अंतर ७० नॅनोमीटरच्या आसपास असतं, म्हणून त्याहून खूप मोठी छिद्रं असलेल्या, आवाज शोषणाऱ्या साध्या फोमला नो-स्लिप चालून जातं, पण नॅनोफायबरची चादर किंवा एरोजेल (अतिबारीक छिद्रांचा अगदी हलका पदार्थ) असेल तर तेच गणित हवेचा अडथळा वाढवून सांगतं.