ही वही कशाची आहे, आणि ती कशी वापरावी

दुकानात उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून वहीसोबत हे पत्रक.

कव्हरचा पुठ्ठा कुरिअरच्या खोक्याचा आहे. आतल्या बाजूला अर्धा बारकोड किंवा छत्रीचं चित्र दिसलं तर तो दोष समजू नका. आम्ही ते मुद्दाम ठेवतो. खोकी कचरावेचक बायकांकडून थेट घेतो, भंगाराच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देऊन. ही रीत आमची नाही. अर्जेंटिनात 2001 साली अर्थव्यवस्था कोसळली आणि ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर पुठ्ठा वेचणारे वाढले. 2003 मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘एलोइसा कार्तोनेरा’ या प्रकाशनाने त्यांच्याकडून चढ्या भावाने पुठ्ठा घेतला आणि हाताने रंगवून त्याची पुस्तकांना कव्हरं केली.

पुठ्ठ्याच्या पोटातल्या पन्हळी वहीच्या पाठीला समांतर येतील असाच तो कापावा लागतो. आडवा कापला तर खळ सुकताना वाकतो आणि वही नीट मिटत नाही.

आतली पानं म्हणजे ऑफिसांतले एका बाजूने छापलेले ए-फोर कागद. प्रत्येक कागद छापील बाजू आत घेऊन दुमडायचा, घडी बाहेरच्या कडेला ठेवायची आणि सुट्या कडा पाठीकडे घेऊन शिवायच्या. अरीने भोकं पाडून मेण लावलेला दोरा ओवतो. त्यामुळे पान उलटलं की दोन्हीकडे कोरंच दिसतं, आणि कागद दुहेरी असल्याने फाउंटन पेनची शाई सहसा पलीकडे उमटत नाही. ‘पानं चिकटली आहेत’ म्हणून कृपया घडी फाडू नका! या बांधणीची एक अडचण आहे: वही टेबलावर पूर्ण सपाट उघडत नाही. चित्रं काढणाऱ्यांनी फर्मे शिवलेली वही मागावी. तिच्यात छापखान्यात उरलेला कोरा कागद असतो. चार ताव एकात एक दुमडले की 16 पृष्ठांचा फर्मा होतो.

खळ मैद्याची. कसर लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालत आले आहेत. ते विषारी, आणि आमच्या वह्या लहान मुलं हाताळतात, म्हणून आम्ही घालत नाही. तेव्हा वही ओलसर कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात मधूनमधून वारा लागू द्या.

घरचं सामान आणून दिलंत तर त्याचीही वही करून देतो. जाड लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं चालतात. जुन्या साडीचा काठ पाठीला लावला की त्याला तोड नाही. मिठाईचे खोके मात्र नकोत. तूप झिरपलेला पुठ्ठा खळ धरत नाही, वर झुरळांना आमंत्रण. वर्तमानपत्र लवकर पिवळं पडून तुटतं. ज्यूसचे टेट्रापॅक कापून, धुऊन, वाळवून आणा: त्यांत कागदाबरोबर प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात, त्यामुळे खळ लागत नाही, पण नुसत्या शिलाईवर पावसात नेण्याजोगी खिशातली डायरी होते.

ऑफिसचे कागद देणाऱ्यांना एक विनंती. आधारची झेरॉक्स, बँकेचे, पगाराचे कागद आधी बाजूला काढा. घडी कापली की आतलं कुणालाही वाचता येतं. आम्हीही चाळतो, पण तुमची नजर आधी फिरलेली बरी.

‘रद्दीची वही, मग इतकी महाग का?’ हे आम्हाला रोज ऐकावं लागतं. रद्दी स्वस्तच आहे. पण खोक्याची चिकटपट्टी सोडवणं, पिना उपटणं, डाग पडलेला भाग टाळून कापणं, प्रत्येक भोक हाताने पाडणं, यातलं काहीच यंत्रावर होत नाही. पैसे हाताचे आहेत.

पावसाळ्यात खळ सुकायला वेळ लागतो, तेव्हा परतभेटीच्या वह्यांची ऑर्डर जरा आधी द्या. दोरा सैल झाला तर वही घेऊन या. शिवून देतो, पैसे घेत नाही. फक्त घरी फेविकॉल लावून आणू नका, उसवायला दुप्पट वेळ जातो.