टर्नटेबलची मेन्स केबल बदलताना: अर्थची तार आणि ग्राउंड वायर

जुन्या टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) कडक होऊन तडकलेली मेन्स केबल, म्हणजे भिंतीतून वीज आणणारी वायर, बदलायला घेतली, की एका ठिकाणी हमखास गफलत होते. मागून अॅम्प्लिफायरकडे जाणारी, टोकाला यू आकाराचा लग (स्क्रूखाली अडकवायचा धातूचा तुकडा) असलेली बारीक ग्राउंड वायर आहेच, मग नव्या केबलमध्ये अर्थ कशाला, असे धरून चालले जाते. किंवा थ्री-पिन प्लग बसवला म्हणून ती बारीक वायरच कापून टाकली जाते. दोन्ही तारा शेवटी धातूलाच जोडलेल्या दिसतात हे खरे, पण एकीचे काम दुसरीला जमत नाही.

मेन्स केबलमधली हिरवी-पिवळी तार माणसाच्या जिवासाठी असते. मोटरच्या वाइंडिंगचे किंवा स्विचजवळच्या वायरचे इन्सुलेशन जाऊन फेज (विजेची जिवंत तार) डेकच्या, म्हणजे टर्नटेबलच्या सांगाड्याच्या, धातूला टेकला, तर या तारेतून एकदम मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडावा, एवढाच तिचा हेतू. ग्राउंड वायरवर ही जबाबदारी टाकता येत नाही, कारण ती हाताने फिरवायच्या स्क्रूखाली अडकवलेली असते, झाडलोट करताना ओढली गेली की निसटते, आणि अॅम्प्लिफायरच दोन पिनांचा असेल तर तिला पुढे अर्थ मिळतच नाही.

ग्राउंड वायरचा संबंध आवाजाशी आहे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागातून) साधारण 3 ते 5 मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. फोनो प्रीअॅम्प (हा बारीक सिग्नल मोठा करणारा टप्पा) तो 1 किलोहर्ट्झला सुमारे 100 पट वाढवतो आणि आरआयएए भरपाईमुळे (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज परत वाढवण्याच्या ठरलेल्या पद्धतीमुळे) 50 हर्ट्झला त्याच्याही जवळपास 7 पट. आपली वीज नेमकी 50 हर्ट्झची! त्यामुळे टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) धातूची नळी कुठेही न जोडता सोडली, तर आसपासच्या वायरिंगची घरघर थेट स्पीकरमध्ये उतरते. टोनआर्मला बोट लावताच घरघर कमी-जास्त झाली, तर आधी हीच जोडणी तपासावी.

खरी पंचाईत दोन्ही तारा एकाच धातूला जोडल्यावर होते. डेक मेन्सच्या अर्थला, तोच डेक ग्राउंड वायरने अॅम्प्लिफायरला आणि अॅम्प्लिफायर पुन्हा अर्थला, असे वेटोळे पूर्ण झाले की त्यातून फिरणारा प्रवाह घरघर म्हणून ऐकू येतो. अशा वेळी प्लगमधली अर्थची तार काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. गॅरार्ड 301 या जुन्या टर्नटेबलसारख्या धातूच्या अवजड यंत्रात अर्थ मोटर आणि डेकला द्यावा, टोनआर्म डेकपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करावा आणि त्याची वायर तेवढी अॅम्प्लिफायरकडे न्यावी. उलट, ज्या यंत्राला निर्मात्याने दुहेरी इन्सुलेशन दिले आहे (एकात एक दोन चौकोनांचे चिन्ह पाहावे), त्याला दोन तारांचीच केबल बसवावी.

केबलच्या जाडीचे फारसे मनावर घेऊ नये. टर्नटेबल बहुधा फार थोडे वॉटच खाते, तेव्हा 0.75 चौरस मिलिमीटरची चांगली केबल पुरून उरते; महागड्या केबलने आवाज खुलतो हा दावा मला पटत नाही, कारण या वायरमधून संगीत जातच नाही. पैसे खर्चायचेच असतील, तर केबल आत घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीवर खर्चावेत. अर्थ दिलेल्या यंत्रात काम झाल्यावर, प्लग भिंतीत लावण्याआधी, मल्टिमीटरने अर्थची पिन आणि डेकचा उघडा धातू यांच्यातला रोध मोजावा. तो एका ओहमच्याही खाली यायला हवा.